बटणांच्या फोनवाल्या सोमकुवर ताई

आमच्या सोसायटीत अजूनही सांगतात, सोमकुवर ताईंना स्मार्टफोन जमला नाही, म्हणून त्या बेसा रोडवरचा चांगला फ्लॅट सोडून गावी निघून गेल्या. लिफ्टमध्ये हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. सांगणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी त्यांच्याशी धड चार वाक्यं बोललेली नाहीत. ज्या बाईने सारी नोकरी टेलिफोन खात्यात काढली, अख्ख्या विदर्भाला मुंबई-कलकत्त्याशी बोलतं केलं, तिला म्हणे फोन जमला नाही! म्हणून एकदा नीट लिहून ठेवावं असं ठरवलं. या सगळ्यात माझाही वाटा आहे आणि तो सांगताना मान खाली जाते, पण सांगतो.

शकुंतला सोमकुवर आमच्या समोरच्या दारात राहायच्या. ठेंगणी मूर्ती, सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा प्रशांत पुण्याला नोकरीत. त्यांच्याबद्दल पहिली लक्षात येणारी गोष्ट म्हणजे आवाज. एरवी अस्सल नागपुरी बोलणारी ही बाई फोन कानाला लावला की निराळीच व्हायची. आवाज खाली यायचा, शब्द सुटे सुटे पडायचे, आणि पलीकडचा माणूस कितीही चिडलेला असला तरी अर्ध्या मिनिटात हळू बोलायला लागायचा. आडनाव सांगायचं तर गॅसवाल्याला सुद्धा त्या अक्षर अन् अक्षर फोडून सांगत. "सोमकुवर. स सावनेरचा, म मौद्याचा, क काटोलचा, व वरोऱ्याचा, र रामटेकचा." लांबचे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डावरची सवय.

दुसरी सवय तीन मिनिटांची. त्या काळी ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे आणि वेळ झाली की ऑपरेटर मधे बोलून आठवण देई. निवृत्तीनंतरही ते डोक्यातलं घड्याळ थांबलं नव्हतं. माझी बायको दार उघडं टाकून बहिणीशी फोनवर बोलत बसली की समोरून जाता जाता ताई म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली, वं." एकदा मी गंमत म्हणून हातातल्या घड्याळावर तपासलं. तीन मिनिटं आणि दोन सेकंद.

फोन त्यांचा बटणांचा. त्यात एकही नाव साठवलेलं नव्हतं. सगळे नंबर पाठ. नंबर पाठ असला म्हणजे माणूस लक्षात राहते, असं त्या म्हणत.

नोकरीतल्या गोष्टी त्या फारशा सांगत नसत. एक मात्र मी दोनदा ऐकली. इतवारीतल्या एका माणसाची बायको मुंबईला ऑपरेशनसाठी होती. तो रोज दुपारी चारला दवाखान्याचा कॉल लावून मागे. एके दिवशी लाइन लागली आणि वॉर्डातल्या सिस्टरने आधी ऑपरेटरलाच सांगून टाकलं, ती बाई सकाळी गेली, नवऱ्याला जोडा. पार्टीशी, म्हणजे कॉल मागणाऱ्याशी, कामापलीकडे बोलायचं नाही असा नियम होता. ताईंनी त्या माणसाला विचारलं, तुमच्याजवळ घरचं कोणी आहे का? भाऊ दुकानात आहे, म्हणाला. त्याला बोलवा, तुम्ही खुर्चीवर बसा, तो आला की मी जोडते. सहा मिनिटं त्यांनी मुंबईची लाइन रिकामी धरून ठेवली. त्यासाठी त्यांना मेमो मिळाला. तो पिवळा कागद त्यांनी मला दाखवला होता.

"उभ्या माणसाले असं ऐकवत नसतात, भाऊ," एवढंच त्या म्हणाल्या.

आता स्मार्टफोनचं. प्रशांतने आईला एक चांगला महागाचा फोन आणून दिला होता. ताईंनी महिनाभर तो मन लावून शिकला. मराठी टाइप करण्यात त्या माझ्या पुढे गेल्या. रेल्वेचं तिकीट काढलं, नकाशा पाहिला, भाच्याच्या मुलांचे फोटो पाहिले. मग एक दिवस तो पुसून, चार्जरसकट परत खोक्यात घालून कपाटात ठेवून दिला. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "यात कोणी बोलतच नाही ना. मी चार ओळी लिहून राहिली, अन् समोरचा अंगठा पाठवून देते." तेव्हा जमणं-न जमणं हा प्रश्नच नव्हता. त्यांनी पाहिला, वापरला आणि नको म्हटलं. एवढा साधा हक्क माणसाला असू नये?

नसतो, हे हळूहळू कळत गेलं. एकदा त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात मी घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता टेबलावरच्या काळ्यापांढऱ्या चौकोनाकडे बोट केलं. स्कॅन करा, फॉर्म भरा. ताईंनी तिला सांगितलं की बेटा, मी तुह्या पुढंच उभी आहे, तू विचार, मी सांगते. मुलगी म्हणाली, सिस्टीम घेत नाही. शेवटी माझ्या फोनवर मी तो फॉर्म भरला. बाकावर येऊन बसल्यावर ताई चिडून म्हणाल्या, "डोळ्यांनं दिसत नाही म्हणून आली, अन् पयले इतकी बारीक अक्षरं वाचाले लावते." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मग आमच्या सोसायटीत गेटचं ॲप आलं. कमिटीचा सेक्रेटरी निखिल, मिहानमधल्या एका कंपनीत कामाला. मुलगा हुशार, वागायला सभ्य. त्याने समजावून सांगितलं की पाहुणा गेटवर आला की घरमालकाच्या मोबाइलवर विचारणा जाईल, मालकाने हो म्हटलं की गेटचा आडवा बांबू वर. रजिस्टर नको, इंटरकॉम नको. रंगकामाच्या वेळी इंटरकॉमच्या जुन्या वायरी काढूनच टाकल्या. ताईंनी कमिटीला कागदावर पत्र लिहिलं, सुवाच्य अक्षरात. माझ्या घरी कोणी आलं तर मला कसं कळणार? कमिटीने ठराव केला की त्यांच्या फ्लॅटला प्रशांतचा नंबर जोडावा, तो पुण्याहून हो म्हणेल. त्या कमिटीत मी होतो. ठरावावर माझी सही आहे.

ते उत्तर त्यांच्या हातात द्यायलाही मीच गेलो. प्रशांत आहे ना, मग काळजी कशाची, असं काहीतरी बोललो. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला.

"घर माहं, अन् दरवाजा प्रशांतजवळ?"

मी घरी आलो आणि दार लावून घेतलं.

ताईंचा मोठा भाऊ, श्रावणदादा, खाप्याला राहायचा. जन्मभर हातमाग चालवलेला, पंचाहत्तरीला टेकलेला माणूस. दोन-तीन महिन्यांनी एकदा यायचा, कन्हानकाठच्या काकड्या नाही तर वांगी घेऊन. कधीच कळवून येत नसे. बहिणीच्या घरी सांगून काय जायचं, हा त्याचा हिशेब. फोन तर त्याच्याजवळ नव्हताच.

ॲप सुरू झालं त्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन दादा आला. दुपारचे बारा. नागपूरचा मे ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं वर्णन नको. गेटवरचा गार्ड आठच दिवसांपूर्वी आलेला; ताईंचा नंबर त्याच्याजवळ नव्हता आणि दादाला पाठ नव्हता. त्याने ताईंच्या फ्लॅटचं बटण दाबलं. विचारणा पुण्याला गेली. प्रशांत मीटिंगमध्ये, फोन टेबलावर उलटा. गार्डने तीनदा पाठवली, तीनदा तिची मुदत संपली. मंजुरीशिवाय कोणाला सोडलं तर एजन्सी त्याचा पगार कापणार, आणि गेट सोडून चौथ्या माळ्यापर्यंत जायची त्याला परवानगी नाही. त्याने दादाला बाटलीतलं पाणी दिलं, याहून तो काय करणार होता? दादा गेटबाहेरच्या कठड्यावर, कडुलिंबाच्या काटकुळ्या सावलीत बसला. दीड तास. आणि तिथून शंभर पावलांवर ताई कूलरसमोर बसून रेडिओ ऐकत होत्या.

साडेबाराच्या सुमारास मी बाहेरून गाडी घेऊन आलो. कठड्यावर तोंडाला दुपट्टा बांधलेला एक म्हातारा पिशवी मांडीवर घेऊन बसलेला मला दिसला. अशा उन्हात हा इथे का बसला आहे, असं क्षणभर वाटलंही. पण एसी चालू होता, काच वर होती. स्टिकर पाहून बांबू आपोआप वर गेला आणि मी आत आलो. या माणसाबरोबर मी ताईंच्या घरी दहा वेळा तरी चहा घेतलेला होता.

संध्याकाळी ताईंना भाच्याचा, म्हणजे दादाच्या मुलाचा, फोन आला. दादा बसस्टँडवर चक्कर येऊन पडले, लोकांनी दवाखान्यात नेलं, तुमच्याकडून निघताना बरे होते ना? ताई म्हणाल्या, माझ्याकडे कोणीच आलं नाही. भाचा म्हणाला, ते तुमच्याकडेच आले होते. आम्ही दोघं नवरा-बायको तेव्हा तिथेच होतो. ताईंनी फोन ठेवला, चपला घातल्या आणि खाली गेल्या. गार्डच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कुरिअरच्या पावत्यांखाली लग्नाची पत्रिका निघाली. लिफाफ्यावर गार्डच्याच पेनने लिहिलं होतं, 'शकूले देणे'.

दोन दिवस दादा दवाखान्यात होता. उष्माघातातून वाचला. मी डबा घेऊन गेलो तेव्हा तो उशीला टेकून बसला होता, ताई पायाशी. त्याने कोणाला दोष दिला नाही. फक्त बहिणीला म्हणाला, "तुह्या घरी याले आता मोबाईल लागते वं, शकू." त्यात टोमणा नव्हता. पाऊस आला म्हणजे छत्री लागते, तसं सांगितलं त्याने. ताई उठून बाहेर व्हरांड्यात गेल्या. त्यांच्या मागे जाऊन, मी त्या दिवशी दादांना पाहिलं होतं, हे सांगायचं मी ठरवलं होतं. डब्याची झाकणं लावून घरी आलो.

प्रशांत पुण्याहून धावत आला. खूप रडला बिचारा. कपाटातलं खोकं काढून त्याने आईच्या हातात दिलं, आता तरी वापर म्हणाला. दोन दिवस ते खोकं टेबलावर होतं. ताईंनी मला बोलावून विचारलं, काय करू? मी म्हटलं, घ्या ताई, कशाला जीव जाळता? त्यांनी खोकं बाजूला सरकवलं.

"मी घेतला तर माहं काम होऊन जाईन. पण खालच्या माळ्यावरच्या आजीचं काय? तिचा फोन सुनेजवळ राहते. अन् माह्या भावानं दीड घंटा ऊन खाल्लं, ते काहून? माह्या हातात हे नव्हतं म्हणून?"

खोकं परत कपाटात गेलं. दुसऱ्या दिवसापासून ताई गेटवर खुर्ची टाकून बसायला लागल्या. सकाळी दहा ते एक, दुपारी चार ते सहा. मांडीवर बटणांचा फोन. कोणी अडकलं की विचारायच्या, कोणाकडे जायचं? आणि त्या घरी सरळ फोन लावून, त्या खालच्या सुट्या सुट्या आवाजात सांगायच्या की तुमच्याकडे अमुक बाई आल्या आहेत, पाठवू का? आठवड्याभरात साठ-सत्तर घरांचे नंबर त्यांना पाठ झाले. कामवाल्या बाया त्यांच्याजवळ येऊन थांबायच्या. गार्ड तर त्यांच्यासाठी आपली खुर्ची सोडून उभा राहायचा.

कमिटीने यावर नोटीस काढली. रहिवाशांनी गेटवर बसू नये, सुरक्षेच्या कामात अडथळा येतो. ही नोटीस टाकली कुठे, तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, ज्यात ताई नव्हत्याच. वर लोकांनी तिला अंगठे दिले. मी मोजले नाहीत. त्या दिवशी मात्र मी कमिटीचा राजीनामा लिहिला. तेवढं तरी जमलं.

रविवारी क्लब हाउसमध्ये सभा झाली. निखिलने पडद्यावर चित्रं दाखवून सुरक्षेबद्दल सांगितलं. ते संपल्यावर ताई उठल्या. माइक घेतला नाही.

"माह्या बापाले गावात विहिरीपाशी थांबवत होते," त्या म्हणाल्या. "कोणी वरून ओंजळीत घातलं तर पाणी. छप्पन साली तो नागपूरले आला, दीक्षा घेतली, अन् आमाले म्हणे, आता कोण्या दारात थांबाचं नाही. त्याच्या लेकाले तुम्ही माह्याच दारात थांबवलं. तुम्ही काही जात नाही पुसली, मले मान्य आहे. तुम्ही कायच नाही पुसलं. पुसाले तिथं माणूसच नव्हता."

कोणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. निखिल खरोखर ओशाळला होता. आंटी, तो टेक्निकल इश्यू होता, असं म्हणाला, आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यालाच ऐकू गेलं असावं, कारण तो खाली बसला. ताईंची मागणी एवढीच होती की गेटवरून घरात वायरीचा साधा फोन द्या, ज्याला पाहिजे त्याला. मग कोणाला पाहिजे, असं विचारलं गेलं. मला वाटलं होतं, एक हात वर होईल. अकरा झाले. सगळे म्हातारे. त्यांच्या दरवाज्याची मंजुरी लेकाजवळ, सुनेजवळ, एकाची तर दुबईतल्या जावयाजवळ. हे लोक वर्षानुवर्षं याच इमारतीत राहत होते आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. विचारणाऱ्यांत मीही नव्हतो.

तीन महिने आणि ताईंची दोन पत्रं गेल्यावर वायरी टाकल्या गेल्या. दादा मात्र परत आला नाही. लग्नाला ताई गेल्या, पुढेही खाप्याला जात-येत राहिल्या. पण दादाला कोणी बेसा रोडला चल म्हटलं की तो म्हणे, आता पाय चालत नाही. त्याचे पाय शेतापर्यंत चालत होते.

वर्षभरात ताईंचे कान गेले. जन्मभर हेडफोन लावल्याचा परिणाम असावा, असं डॉक्टर म्हणाले. कानातलं मशीन लावलं तर नुसती घरघर. आधी फोनवरचे आवाज गेले, मग समोरच्यांचे. ज्या बाईने आवाजावर आयुष्य काढलं तिच्याशी आम्ही पाटीवर लिहून बोलायला लागलो. गेटवरच्या फोनसाठी त्यांनी घंटीला दिवा जोडून घेतला. पण दिवा लागल्यावर उचलून ऐकणार काय?

तेव्हा एके सकाळी ताई एकट्या सीताबर्डीवर गेल्या आणि स्मार्टफोन घेऊन आल्या. प्रशांतचा तोवर जुना झाला होता. दुकानदाराला त्यांनी आधी फोनसमोर मराठीत बोलायला लावलं, अक्षरं बरोबर उमटतात का पाहिलं, तीन फोन नाकारले, चौथा घेतला. मी पाटीवर लिहिलं, शेवटी घेतलाच ना? त्यांना ते आवडलं नाही.

"मी फोनले कधी नाही म्हटलं, भाऊ? मले पाहिजे तवा मी घेतला. तुमाले पाहिजे होता तवा नाही घेतला."

निखिल आनंदाने वर आला, गेटचं ॲप टाकून देतो म्हणाला. ताईंनी फोनवर उमटलेलं त्याचं वाक्य वाचलं आणि त्याला चहा दिला. ॲप टाकू दिलं नाही. चार-सहा महिन्यांनी त्यांनी फ्लॅट विकायला काढला. दादा येत नाही तर मी जाते, म्हणाल्या. लोकांनी त्याचा अर्थ काय लावला ते मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

गेल्या हिवाळ्यात मी खाप्याला जाऊन आलो. कौलारू घर, अंगणात बाज टाकलेली. दादा उन्हात झोपला होता. ताई वाटाणे सोलत होत्या, वाळल्या होत्या थोड्या. मला पाहून उठल्या, बायकोची चौकशी केली, आणि फोन माझ्यापुढे धरला. यात बोला, म्हणाल्या.

मी इकडचं तिकडचं बोललो. सोसायटीच्या बातम्या सांगितल्या. अक्षरं भराभर उमटत होती, त्या वाचून उत्तर देत होत्या. मग मी एकदा बाजेकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणालो, "ताई, त्या दिवशी गेटबाहेर दादा बसलेले मी पाहिले होते. मी गाडीत होतो. काच खाली केली नाही."

मला वाटलं, यंत्र काहीतरी चुकीचं लिहील. एकही शब्द चुकला नाही. ताईंनी चष्मा लावला. तीन ओळी वाचायला लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. ठीक आहे, होतं असं, जाऊ द्या, यांतलं काहीही ऐकायला मी तयार होतो.

त्यांनी फोन पालथा करून सुपाशेजारी ठेवला.

"वाचलं मी," त्या म्हणाल्या, आणि पुढची शेंग हातात घेतली.